बारीक शीर

मंचरहून निघालेल्या एसटीत शेजारच्या बाई डोक्याच्या स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बसल्या होत्या. मेंदूकडे जाणारी एक शीर जन्मापासूनच बारीक आहे, तो आजार नाही, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. घरच्यांनी मात्र त्याआधीच रानात जायला बंदी घातली होती.

मीही आराम करा म्हणालो. त्यांनी मातीनं काळं पडलेलं नख त्या शिरेवरून फिरवलं.

"भाऊ, कांद्याला पाणी मीच भरते. एक पाट बारीक असला म्हणून वाफं कोरडं ऱ्हात्यात व्हय? दुसऱ्यातनं जास्त येतं. साठ वर्सं भिजलंय की हे डोकं."

अवसरीला त्या घाईनं उतरल्या. फिल्म सीटवरच राहिली, म्हणून मी खिडकीतून हाक मारली.

"द्या लवकर," त्या म्हणाल्या. "ही घरी दाखवल्याबिगर पाण्याच्या मोटरची किल्ली मिळायची न्हाई."