परत येण्याचा पुरावा

माझ्या नवऱ्याला युरोपची ओढ लागली ती एका फोटोमुळे. त्याच्या मावसभावाने आईवडिलांना पॅरिसला नेलं होतं आणि त्या लोखंडी मनोऱ्यासमोर उभं करून फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. फोटोत मावशी गारठलेल्या, काका वैतागलेले, आणि मधे मावसभाऊ, तोंडावर पुत्रधर्म पार पाडल्याचं तेज. ग्रुपवर दिवसभर हात जोडले जात होते. संध्याकाळी नवरा म्हणाला, "आपण आई-आण्णांना युरोप दाखवायचा."

आई-आण्णांनी युरोप मागितला होता का, हा प्रश्न मी विचारला नाही. वीस वर्षांच्या संसारात कोणते प्रश्न विचारायचे नाहीत एवढं मला कळतं.

माझे सासू-सासरे सांगोल्याजवळ एका गावात राहतात. डाळिंबाची बाग आहे, सोळा शेळ्या आहेत, आणि टँकर कधी येणार याची काळजी आहे. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. आम्ही दोघं सोलापुरात. मी शाळेत इंग्रजी शिकवते. नवरा इंजिनिअर. अठरा वर्षं एका कंपनीत नोकरी केल्यावर गेल्या दिवाळीत त्याने राजीनामा दिला आणि स्वतःची सल्लागार संस्था काढली. संस्थेत एक टेबल, एक पाटी आणि तो. "आता मी कुणाचा नोकर नाही," असं तो भेटेल त्याला सांगायचा, दूधवाल्यालासुद्धा. मुलगी लातूरला नीटच्या क्लासला. तिला युरोप नाही, तिला बायोलॉजी.

मामांना सांगायला आम्ही रविवारी गावी गेलो.

"उरूप म्हंजी कुटं आलं?" मामा म्हणाले.

"लांब आहे आण्णा. विमानानं जायचं. बर्फाचे डोंगर आहेत तिथं."

"डोंगर तर हितंबी हाईत की."

"त्यावर बर्फ नाही ना!"

"बरफ बघायला इमान करायचं?" मामांनी आत्यांकडे बघितलं. आत्या शेंगा फोडत होत्या. "मला काय कळतंय," एवढंच त्या म्हणाल्या. नवऱ्याने तो होकार धरला.

टूर कंपनीबरोबर जावं, असं मी सुचवलं. नवऱ्याला ते फार लागलं. "झेंड्यामागं मेंढरासारखं फिरायचं? मी सगळं स्वतः प्लॅन करणार."

"मेंढरास्नी काय वंगाळ हाय?" मामा म्हणाले. "वाट तरी चुकत न्हाईत."

मग फाइल तयार झाली. निळ्या रंगाची, दोन किलो वजनाची. तीत प्रत्येक दिवसाचा तक्ता होता आणि तक्त्यात मिनिटं होती. सात वाजून दहा मिनिटांनी नाश्ता. सात पस्तीसला ट्राम. दहा वीस ते दहा पन्नास, तळ्याकाठी निवांत बसणे. निवांत बसायला तीस मिनिटं पुरतील का, असं मी विचारलं, तर त्याने ती चाळीस केली आणि माझ्याकडे उपकार केल्यासारखं बघितलं.

मे महिन्यात सोलापुरात डांबर पायाला चिकटतं. त्या उन्हात आम्ही नवी पेठेत लोकरीचे आतले कपडे शोधत फिरलो. तिसऱ्या दुकानात मालकाने घाम पुसत विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" शेवटी त्याने माळ्यावरून धुळीने भरलेला खोका काढला आणि माझ्या नवऱ्याने पंख्याखाली उभं राहून शर्टावरूनच ते बनियन घालून बघितलं. मामांनी मात्र नकार दिला. त्यांचं घोंगडं होतं. "ह्यात थंडी शिरत न्हाय आन् पाऊसबी," म्हणाले. त्यावर चर्चा संपली.

व्हिसाच्या अर्जाबरोबर एक पत्र लागत होतं. तुम्ही आमच्या देशात आलात तर परत जाल कशावरून, हे पटवून द्यायचं. मी ते मामांना समजावून सांगितलं तेव्हा ते इतके हसले की खोकला आला.

"म्हंजी त्यास्नी वाटतंय, मी तितंच ऱ्हाईन?"

"तसं वाटू शकतं, मामा."

"लिव त्यास्नी. जूनमदी मृग बहार धरायचा हाय. बागंला पानी सोडायला मी लागतुय. सोळा शेळ्या हाईत, दोन गाभण हाईत. मला ऱ्हा म्हनला तरी मी ऱ्हानार न्हाय, म्हनावं."

नवरा म्हणाला, असलं सरकारी पत्रात चालत नाही. त्याने स्वतःचं पत्र तीन रात्री जागून लिहिलं होतं. त्यात 'उद्योजक' हा शब्द चार वेळा होता. मामा-आत्यांचं पत्र त्याने माझ्यावर सोपवलं, आणि मी मामा बोलले तसंच लिहिलं. गाभण शेळ्यांचं इंग्रजी करताना जरा विचार करावा लागला. माझ्या पत्राला शाळेचा रजेचा दाखला जोडला. मुख्याध्यापकांनी त्यावर दोन शिक्के मारले, एक उलटा.

बोटांचे ठसे द्यायला आम्ही चौघं पुण्याला गेलो. व्हिसा केंद्रात एवढी थंडी होती की मामांनी घोंगडं पांघरलं आणि नवरा दोन खुर्च्या सोडून बसला. नवऱ्याचे ठसे पहिल्या झटक्यात उमटले. दहाच्या दहा. तो परीक्षेत पहिला आल्यासारखा परत आला. मामांचे दोन-तीन प्रयत्नांनी जमले. मग आत्या.

काचेवर त्यांनी चार बोटं ठेवली. यंत्र लाल झालं. पलीकडची मुलगी म्हणाली, "आजी, जरा दाबा." आत्यांनी दाबलं. लाल. मुलीने ओला रुमाल दिला, मग कोरडा, मग हाताला लावायचं मलम. तिने उठून आत्यांचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि एकेक बोट काचेवर टेकवलं. लाल.

"काय झालं गं?" आत्यांनी मला हळूच विचारलं.

"ठसे उमटत नाहीत, आत्या. रेषा झिजल्यात."

त्यांनी हात उलटा करून बघितला, जणू कुणा दुसऱ्याचा आहे. राखेने घासलेली भांडी, शेळ्यांची दुधं, डाळिंबाचे काटे, विहिरीच्या कामावर वाहिलेले दगड. चाळीस वर्षांत हातांची एवढी तपासणी कुणी केली नव्हती. "मग माज्या बोटांवर काय न्हायच व्हय?" त्या म्हणाल्या. त्या मुलीने साहेबांना बोलावलं, साहेबांनी संगणकात काहीतरी नोंद केली, आणि अर्ज घेतला.

गाडीत नवरा म्हणाला, "आईचा व्हिसा अडकणार." आत्या मागे बसल्या होत्या. हे मोठ्याने म्हणायची काही गरज नव्हती.

पंधरा दिवसांनी पासपोर्ट आले. चार पाकिटं. मामांचा व्हिसा आला होता. माझा आला होता. आत्यांचा आला होता. नवऱ्याच्या पाकिटात व्हिसा नव्हता, एक कागद होता. त्यावर छापील कारणांची यादी आणि एका चौकटीत खूण. मी वाचून दाखवलं: हा मनुष्य मुदत संपल्यावर परत जाईल याची खात्री वाटत नाही.

नवऱ्याने कागद माझ्या हातून घेतला, स्वतः वाचला, मग मोबाईलमध्ये भाषांतर करून पुन्हा वाचला. भाषांतराचाही तोच अर्थ निघाला. मामांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी मला तो कागद पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, "माज्यावर इश्वास ठिवला आन् तुज्यावर न्हाय?" त्यांना चिडवायचं नव्हतं. त्यांना खरंच कोडं पडलं होतं.

दोन दिवस नवरा टेबलाशी बसून राहिला. दूधवाल्याशीसुद्धा बोलला नाही. मी इतके महिने मनातल्या मनात त्याची टिंगल केली होती, तिची आता मलाच लाज वाटली. ज्या नोकरीला तो बेडी म्हणत होता, ती असती तर ही खूण झालीच नसती, हे त्यालाही कळत होतं. मी चहा ठेवला. तो म्हणाला, "सगळं रद्द करू."

गावाहून मामा आणि आत्या आले होते, घोंगड्यासकट. मामा लगेच म्हणाले, "बरं झालं. माजं तर पयल्यापास्नं—"

"रद्द कशापायी?" आत्या म्हणाल्या.

आम्ही तिघांनी त्यांच्याकडे बघितलं.

"त्यानं आलं पायजे आसं हाय का? कागूद आमच्या तिघांचं आल्याती. ही इंग्रजी शिकिवतीया. आमी जातो की."

"आई, तुला तिथलं काही माहीत नाही," नवरा म्हणाला.

"तुला तरी कुटं म्हाईत हाय? तू बी गेला न्हाईस."

यावर फाइलमध्ये उत्तर नव्हतं. मग विषय शेळ्यांचा निघाला, आणि तो चटकन सुटला, कारण घरात एक माणूस आता पंधरा दिवस पूर्ण मोकळा होता आणि कुणाचा नोकर नव्हता.

मुंबईला आम्ही आदल्या दिवशीच गेलो. विमान दुपारचं होतं. विमानतळाच्या दारापुढे नवऱ्याला सोडत नव्हते, म्हणून सगळा निरोप तिथेच, ढकलगाड्यांच्या गर्दीत झाला. बाप-लेक एकमेकांना एकाच वेळी सूचना देत होते.

"आण्णा, पासपोर्ट वरच्या खिशात ठेवू नका."

"गाभण शेळ्या येगळ्या बांद."

"ट्राममध्ये चढताना आधी आईला चढू द्या."

"ठिबकाची नळी उंदरानं कुरतडलीया, त्येवडी बघ."

"पान सतरावर हॉटेलचा पत्ता आहे."

"काळ्या शेळीला शिंगाला धरू नगंस. मारती."

मग दोघंही थांबले. नवऱ्याने वाकून दोघांच्या पाया पडून घेतलं आणि फाइल माझ्या हातात दिली. "फोटो काढ," म्हणाला. डोळे लाल होते. मी दुसरीकडे बघितलं.

आत पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबांनी मामांना विचारलं, "बाबा, कशासाठी चाललाय?"

"पोराची हौस हाय."

"पोरगा कुठाय?"

"त्यो घरी ऱ्हायलाय."

साहेबांनी पासपोर्टवरून नजर वर उचलली, घोंगडं बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी शाळेत वापरते तो चेहरा केला. त्यांनी शिक्का मारला.

विमानात मामांनी पट्टा लावून घेतला आणि विमान हलायच्या आत झोपले. आत्यांनी खिडकीची जागा घेतली. मागितली नाही, सरळ जाऊन बसल्या. विमान वर चढलं तेव्हा त्यांनी कपाळ काचेला टेकवलं आणि समुद्र दिसेनासा होईपर्यंत हलल्या नाहीत. मग माझ्याकडे वळल्या.

"पोरी, तुला यायचं हुतं का गं?"

मी खरं बोलले. "मला कुणी विचारलंच नाही, आत्या."

"मलाबी न्हाय," त्या म्हणाल्या. "मला मातुर यायचं हुतं. त्या फोटूत मावशी कशी उबी ऱ्हायली हुती बघितलंस न्हवं? खांबागत. मी आशी न्हाय उबी ऱ्हानार."

आणि त्यांनी पदराने तोंड झाकून असं हसायला सुरुवात केली की पलीकडच्या रांगेतला गोरा माणूस वळून बघायला लागला. मलाही आवरेना. मामा दचकून जागे झाले, "आलं का?" म्हणाले, आणि आम्ही अजून नाही म्हटल्यावर पुन्हा झोपले.