साडूभाऊंचं नाक

जमिनीखालच्या इंधनाच्या जुन्या टाक्या कशा बंद कराव्यात हे आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं आमच्या साडूभाऊंचं स्वतःचं मत आहे. उरलंसुरलं पेट्रोल उपसायचं, गाळ काढायचा, टाकी धुवायची, आत हवा खेळवायची, इथपर्यंत ते चार माणसांसारखेच वागतात. मग टाकीच्या तोंडाशी वाकून, डोळे मिटून एक लांब श्वास घेतात आणि म्हणतात, "निर्मळ. कापा." वाफ मोजायचं यंत्र त्यांच्या पेटीत फडक्यात गुंडाळून पडलेलं असतं. ते म्हणे बिननाकाच्या लोकांसाठी.

कापणारा मी. आत वाफ राहिली असेल तर गॅसकटरच्या पहिल्याच ठिणगीला मी उडणार. साडूभाऊ तोवर लांब सावलीत जाऊन चहा पीत असतात.

परवा कामावर निघताना त्यांना घ्यायला गेलो, तर करपलेल्या दुधाचा वास जिन्यापर्यंत आलेला. पातेलं काळंठिक्कर, आणि हे महाशय शेजारीच पेपर वाचत बसलेले. मीच धावत जाऊन शेगडी बंद केली. वर मलाच विचारतात, काय झालं म्हणून.

बंद पंपावर पोचलो. दुपारपर्यंत टाकी धुऊन झाली. साडूभाऊ वाकले, हुंगले, "निर्मळ" म्हणाले. मी कटर खाली ठेवला आणि यंत्र काढा म्हणालो. झालं, त्यांचं पित्त खवळलं. नात्यातल्या माणसाला काम दिलं की तो असा डोक्यावर बसतो, बारा वर्षांत असा अपमान कुणी केला नव्हता, वगैरे वगैरे. मीच फडकं सोडलं आणि यंत्राची नळी टाकीत सोडली. यंत्र असं किंचाळलं की समोरचा इस्त्रीवाला इस्त्री हातात घेऊनच बाहेर आला.

यंत्र बिघडलंय, असं साडूभाऊंनी जाहीर केलं. इतका कोडगा माणूस मी जन्मात पाहिला नाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सगळा प्रकार मेहुणीच्या कानावर घातला. तिने भाजी निवडताना मानही वर केली नाही.

"त्यांना चार वर्षांपासून कसलाच वास येत नाही," ती म्हणाली. "पण कुठे बोलू नका हं. मनाला फार लावून घेतात."

चार वर्षांत मी त्या नाकाच्या भरवशावर एकोणीस टाक्या कापल्या होत्या.

माझी बायको शेजारीच भाजी निवडत बसली होती. तिला ही बातमी नवी नव्हती.