पाल्मानं आखलेला शनिवार-रविवार

पाल्मा किरोसच्या गाळ्यावर मासळी घ्यायला आलेला परगावचा माणूस नुसती मासळी घेऊन सुटला, असं आमच्या कादिझच्या बाजारात सहसा होत नसे. "शनिवार-रविवारच आहात ना? मग ऐका," म्हणून ती सुरू व्हायची. शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या ओट्याशी उभं राहून काय खायचं, शनिवारी वाळूत किती वाजता खुर्ची टाकायची, रविवारी जेवणाआधी व्हर्मूत, ती कडसर-गोड वाइन, कुठे प्यायची, सगळं मासळी बांधायच्या कागदावर लिहून हातात. एकुणचाळीस वर्षांत असे किती बेत तिनं आखून दिले, देव जाणे. स्वतः मात्र सेव्हिलच्या पुढे गेली नाही, आणि सेव्हिललाही गेली ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

यात काही चुकतंय असं तिला वाटत नसे. आम्हा कोणालाच वाटत नाही. तीन बाजूंनी समुद्र, वर्षाचे दहा महिने ऊन. जगानं इकडे यावं, आपण कशाला हलायचं, हा इथला धर्मच आहे.

त्या वर्षी मे महिन्यात तिनं सख्ख्या बहिणीसाठी बेत आखला. रेग्ला तिच्याहून चार वर्षांनी मोठी. लष्करी सेवेसाठी इथे आलेल्या कोल्डोच्या प्रेमात पडून ती सदतीस वर्षांपूर्वी त्याच्या गावी, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला व्हितोरियाला गेली. जूनमध्येही स्वेटर लागतो असं गाव. कोल्डो जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि त्याच वर्षी रेग्ला शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली. पाल्मानं लग्न केलं नव्हतं. आईबापांच्या जागेत ती एकटीच राहायची. तिनं आईच्या खोलीला रंग काढला, नवी गादी आणली, आणि हे कशासाठी ते फक्त शेजारच्या गाळ्यावरच्या सेर्वान्दोला सांगितलं.

"रेग्लाला कायमची घेऊन येणार आहे मी."

"तिला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? दोन दिवस असे घालवीन की बाई परतीचं तिकीट फाडून टाकेल."

"पाल्मे, बहीण आहे ती तुझी. पाहुणी नव्हे."

"तू तुझी माकुळं साफ कर."

बेत दोनदा पुढे ढकलला, तो वाऱ्यापायी. लेव्हान्ते, म्हणजे पूर्वेचा वारा, सुटला की वाळू दाताखाली येते, माणसं विनाकारण भांडतात. तशा वाऱ्यात शत्रूलाही बोलावू नये. पाल्मानं फोन केला, "या शुक्रवारी येऊ नकोस." रेग्लानं मुकाट्यानं तिकीट बदललं. दुसऱ्यांदा बदललं तेव्हा मात्र म्हणाली, "पाल्मा, मी वाऱ्याला भेटायला येत नाहीये."

तिसऱ्या शुक्रवारी पान हलत नव्हतं. सगळं ठरल्याबरहुकूम झालं. संध्याकाळी दोघींनी उभ्या उभ्या जवळा घातलेली बेसनाची कुरकुरीत धिरडी खाल्ली. रेग्लानं चार खाल्ली आणि बोटं चाटली. शनिवारी सकाळी आठलाच पाल्मानं ला कालेता चौपाटीच्या वाळूत पहिल्या रांगेत छत्री, टेबल, चार खुर्च्या टाकून जागा धरली. अकरापर्यंत आळीतल्या निम्म्या बाया जमल्या. बटाट्याचं जाड ऑम्लेट झालं, मटणाचे तळलेले काप झाले, आणि जेवल्यावर खुर्च्यांचा गोल करून नेहमीची हाउजी सुरू झाली. आकडा आला की तिकिटावर एकेक हरभरा ठेवायचा.

"रेग्ले, तू अजून तश्शीच गं!" कुणीतरी म्हणालं. रेग्ला हसली. ते हसू बघून पाल्माला धीर धरवेना.

"मग कधी येतेस?"

"कुठे?"

"घरी. कायमची. आईची खोली बघितलीस ना? तिकडे आता कोण आहे तुझं?"

रेग्लानं एका आकड्यावर हरभरा ठेवला. "तिकडे माझं घर आहे. शेजारची इत्सियार आहे. सोमवारी आम्ही बाया गायला जमतो. कोल्डोचा घेवड्याचा वाफा आहे, तो मीच खणते. इथे मी सुट्टीला येते, पाल्मा. राहते तिकडे."

"पण कोल्डो गेल्यावर..."

"कोल्डो गेला तेव्हा तू काय पाठवलंस, आठवतं?"

पाल्माला आठवत होतं. दोन किलो सुकवलेला कुपा मासा. अगदी वरच्या प्रतीचा, स्वतः बांधलेला.

"वारा होता तेव्हा, कशी येणार होते मी," ती म्हणाली.

"सदतीस वर्षं वाराच आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसतं, सांग बघू."

पाल्माला सांगता येईना. "बायांनो, इकडे लक्ष द्या!" आकडे पुकारणारी ओरडली.

आधी पाल्माला राग आला. "एवढं सगळं केलं मी तुझ्यासाठी!"

"केलंस ना. परगावच्या माणसासाठी करतेस तस्सं केलंस."

 पाल्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मांडीवरचं तिकीट कललं, हरभरे वाळूत गेले, आणि जे दोन दिवसांच्या बेतात कुठेच लिहिलेलं नव्हतं ते तोंडातून निघालं. "मला एकटीला करमत नाही गं. दुपारी गाळा बंद करून आले की घर खायला उठतं."

रेग्लानं तिचा हात धरला. "मलाही उठतं. पण माझं घर माझं आहे. ते टाकून कशी येऊ?"

डाव कोणी जिंकला, ते दोघींनाही कळलं नाही.

रविवारी व्हर्मूत राहूनच गेली. दोघी उशिरापर्यंत घरातच कॉफी पीत बसल्या, आईच्या खोडींच्या गोष्टी काढून हसल्या, एकदा थोडं भांडल्या. दुपारी रेग्ला बॅग भरायला लागली. पाल्मा दारात उभी राहिली.

"ऑक्टोबरात मी येऊ?"

रेग्लानं वर पाहिलं. "ये की."

"शुक्रवारी पोचेन. शनिवारी काय करायचं आपण?"

"काही नाही. पाऊस असेल. घरात बसू."

"आणि रविवारी?"

रेग्लानं बॅगेची चेन ओढली. "रविवारी कोल्डोकडे जाऊ. तू त्याला भेटायची राहिलीयस."

पाल्मानं बॅग उचलून दाराशी ठेवली. मग तिनं विचारलं, "फुलं तिकडे मिळतात, की इथून आणू?"

"मिळतात," रेग्ला म्हणाली. "तू फक्त ये."