सड्यावरचं शेण

भादव्याचं ऊन दहालाच टाळूवर आलं होतं, आणि बनाबाई झोरेला आज सगळ्याचीच शिसारी आली होती. डोक्यावरच्या पिवळ्या टोपीची, गळ्यातल्या शिट्टीची आणि समोर फुलात लोळणाऱ्या पोराची.

"ए बाबा, ऊठ! तुज्याखाली तेरडा मेला की रं!" तिनं शिट्टी फुंकली.

पोरगं उताणं पडूनच हसलं. मित्र त्याचा व्हिडिओ काढत होता. "आजी, तुमीपण या की! टोपी लय भारी हाय!"

ती गेली नाही. त्यांनी टाकलेलं वेफर्सचं पाकीट तेवढं उचललं. आत मुंग्या होत्या, तेल होतं, कुणीतरी चावून टाकलेलं च्युइंगम होतं. ते बोटाला चिकटलं. चाळीस वर्षं म्हशींचं शेण काढलं, पण असला हात कधी चिकटला नव्हता.

सोळाव्या वर्षी ती लग्न होऊन या डोंगरावरच्या धनगरवाड्यात आली. तेव्हापासून सकाळी म्हशी सोडायच्या, त्यांच्यामागं सड्याचं कातळाचं पठार ओलांडून वर डोंगराच्या धारेवर जायचं आणि दिवस कलला की परत यायचं, हेच तिचं आयुष्य. नवरा गेला, लेक सुरतेला कापडाच्या मिलमध्ये लागला, पण म्हशींची वाट तीच राहिली. मग चार वर्षांपूर्वी सड्यावरची फुलं मोबाइलवर गाजली. खालच्या गावानं समिती केली, सड्याला जाळीचं कुंपण घातलं, तिकीट लावलं आणि चराई बंद केली. समितीचे अध्यक्ष हिंदुराव. बनाबाईला डोंगराची खडा न् खडा माहिती, म्हणून त्यांनी तिला टोपी आणि शिट्टी दिली. वरच्या धारेला मात्र कुंपण नव्हतं. तिथं तिच्या पाच म्हशी गुपचूप चरायच्या, आणि हिंदुराव गुपचूप तिकडं बघायचे नाहीत.

आठ दिवसांपूर्वी ते स्वतः वाड्यावर आले होते. "कराडच्या कॉलेजातली बाई येणार हाय, बनाबाय. फुलं का कमी हुत्यात, त्याचा अहवाल देणार. धार लख्ख दिसाय पायजे. म्हशी दावणीला ठेव, आन् शेण समदं उचल."

पाहुणे येणार म्हणून अंगण सारवावं, तशा हौसेनं बनाबाईनं आठ दिवस धार साफ केली. शेणाच्या पाट्या मोठ्या खडकामागं नेऊन ओतल्या.

आज त्या बाई आल्या. पल्लवी त्यांचं नाव, वय तिशीचं, पायात चिखलानं भरलेले बूट. त्यांच्याजवळ पाइपची एक चौकोनी चौकट होती. ती गवतावर टाकायची आणि आतली फुलं मोजायची, असं त्यांचं काम. कुंपणाच्या आत चौकट टाकली, तर ती कमरेएवढ्या गवतात दिसेनाशीच झाली.

"सीतेची आसवं फक्त सात," निळी फुलं मोजून पल्लवीनं वहीत लिहिलं. "गवतच गवत."

"जनावरानं नासवलं बगा सगळं," हिंदुराव म्हणाले. "आता वरची धारपण कुंपणात घ्यायची हाय. तुमच्या अहवालावरच अडलंय."

मागून चालणारी बनाबाई थबकली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. धार गेली, तर म्हशी चारायच्या कुठं? दावणीला बांधून पाच म्हशी पोसायची तिची ताकद नव्हती. त्या विकाव्या लागणार होत्या.

धारेवर पोचल्यावर पल्लवी पाऊल टाकायची थांबली. गवत बोटभर, आणि त्यातून निळी आसवं अशी दाटलेली, की पाय ठेवायला जागा नाही. मधूनमधून गेंदाची पांढरी फुलं वाऱ्यावर डुलत होती. चौकट टाकून ती मोजत बसली. दोनशेच्या पुढं गेल्यावर तिनं मान वर केली.

"इथं चराई कुणाची?"

"छ्या! चार वर्सं बंदी हाय," हिंदुराव म्हणाले. "ढोराचं पाऊल न्हाई. बगा की, कुटं शेणाचा पोवटा तरी दिसतोय का?"

कुठंच दिसत नव्हता. म्हशींची एकुलती एक साक्ष बनाबाईनंच पाट्या भरभरून उचलली होती, आणि हा माणूस तिच्यासमोर उभा राहून शपथेवर सांगितल्यासारखं बोलत होता.

"खोटं हाय त्ये," ती म्हणाली. "बाई, माज्या म्हशी चरत्यात हितं. गेल्या साली चारल्या, यंदाबी चारल्या."

"बनाबाय, तोंड आवर."

"आवं, आठ दिस तोंड आवरूनच शेण उचललं की मी! चला बाई, दावते."

"म्याडमना घाणीत नेतीस व्हय?"

"घाण खाली लोळतीया, दादा. तिकीट काढून."

खडकामागं तो ढीग होता. वर वाळलेला, आत ओला, माश्यांनी घोंगावणारा. हिंदुरावांनी नाकाला रुमाल लावला. बनाबाईनं एक पोवटा फोडून तळहातावर धरला, तर पल्लवीनं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"म्हशी बसतात कुठं, मावशी?"

बनाबाईनं तिला धारेच्या पोटात नेलं. तिथं खुरांचे खळगे होते. ते काही पाटीत भरून नेता आले नव्हते. प्रत्येक खळग्यात पाणी होतं आणि पाण्याच्या कडेनं आसवं फुलली होती.

पल्लवीनं वहीतली 'चराई नाही' ही ओळ खोडली आणि लिहिलं: चराई आहे, म्हशी पाच. "एवढ्यानं कुंपण थांबेल असा शब्द मी देत नाही, मावशी. एका दिवसात तसं सांगताही येत नाही. पण चराई नाही, असं मी लिहिणार नाही."

"टोपी दे हिकडं," हिंदुराव म्हणाले.

बनाबाईनं टोपी काढली, शिट्टी काढली, दोन्ही शेणाच्या हातानंच पुढं केल्या. त्या घ्यायला हिंदुरावांचा हात पुढं येईना. तिनं त्या खडकावर ठेवल्या आणि ती खाली निघाली.

सड्यावर एक पोरगी तिचा हात बघून किंचाळली, "ई, शेण!" बनाबाईनं गवताला हात पुसला. शेण निघालं. ते च्युइंगम मात्र बोटाला अजून तसंच होतं.

वाड्यावर येऊन तिनं पाचही दावी सोडली. आठ दिवस कोंडलेल्या म्हशी हाकायच्या आधीच चढाला लागल्या. धारेच्या तोंडाशी, पल्लवीची मोजणी संपायची वाट बघत खोळंबलेल्या हिंदुरावांच्या पुढ्यातच, पुढच्या म्हशीनं शेपूट वर केलं आणि पाटीभर शेण टाकलं.

बनाबाई ते ओलांडून पुढं गेली.