ते चार बाइट कोण कापत होतं

आमच्या घरी तेलुगू बोलतात, म्हणून वडील म्हणजे नायना आणि मी त्यांची बिड्डा, म्हणजे लेक. नायना टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग बिघडला की सगळे ज्याला हाक मारतात तो माणूस. शेठनी एक नवा माग आणला. त्याला टॉवेलचं डिझाईन ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून केबलनं येतं. आणि तो पठ्ठ्या डिझाईन घेता घेता मधेच अडकायचा. रोज! शेठ म्हणाले, जॉबरनंच सेटिंग बिघडवलंय, सोमवारपासून इचलकरंजीचा माणूस हा माग बघेल, तुम्ही जुन्या मागांवर जा. नायनांनी घरी येऊन जेवता जेवता एवढंच सांगितलं, आणि वर भात मागितला. तेच लई लागलं मला.

मी घरी बसून नेटवर्कचंच काम करते. म्हणून बोलून गेले की पाच मिनिटांचं काम आहे. असलं वाक्य परत तोंडातून काढणार नाही.

कारखान्यात जाऊन मागाची केबल काढून माझ्या जुन्या लॅपटॉपला लावली आणि मागावर आधीचंच डिझाईन चालू ठेवलं. येईल ते सगळं टिपलं. तर आलेलं सगळं ठणठणीत, फक्त मधले मधले तुकडे गायब. आता या तुकड्यांना म्हणतात फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेमच्या शेपटाला चार बाइटचा चेकसम असतो. वाटेत काही बदललं तर तो जुळत नाही. पण नेटवर्क कार्ड न जुळलेली फ्रेम गुपचूप फेकून देतं, आणि जुळलेलीचं शेपूटही आपल्याला दिसत नाही. म्हणजे पुरावाच गायब. नायनांवरचा आळ काढायचा कसा?

चेकसम ठेव म्हणून सांगायची एक कमांड आहे. दिली. उत्तर आलं, हे बदलता येत नाही. बरं बाबा. मग कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरचा कोडच उघडला. चेकसम शब्द शोधला, त्याचंच दुसरं नाव सीआरसी, तेही शोधलं, काहीच कामाचं नाही. अख्खी दुपार गेली. शेवटी ओळ न् ओळ वाचली, तर एका ठिकाणी लांबीतून नुसतं वजा चार! ना कारण लिहिलंय, ना काही. कार्ड बिचारं शेपूट देत होतं, हा ड्रायव्हर कापत होता. ते वजा चार काढलं, खराब फ्रेमही आत घ्यायला लावल्या, लॅपटॉप गोठला. दुरुस्त केलं, परत गोठला. मग एकदाचा चालला, तर सगळ्याच फ्रेम खराब! कारण मी ते चार बाइट उलट्या क्रमानं वाचत होते. रडायचीच बाकी होते. नायना शेजारी चहा ठेवून गेले.

क्रम सुलटा केला आणि चित्र स्वच्छ दिसलं. माग बंद, तर सगळे चेकसम जुळतात. माग चालू, की धडाधड चुकतात.

मी केबलवरून हात फिरवत निघाले. मागाच्या मोटारीच्या जाड वायरीसोबत ती अगदी घट्ट बांधलेली, टॉवेलच्या कापलेल्या काठाच्या पट्ट्यांनी, वीतवीत अंतरावर गाठ. त्या गाठी मी ओळखते. आमच्या घरातला नळसुद्धा तसाच बांधलाय. मोटारीच्या करंटनं शेजारच्या केबलमधला डेटा बिघडत होता.

नायनांना दाखवलं. ते म्हणाले, "लोंबकळती वायर बघवत न्हाय की मला."

मी म्हटलं, आपण गुपचूप वेगळी करू, कुणाला कळायचं नाही. माझं बोलणं संपायच्या आत ते शेठच्या केबिनमध्ये पोचलेसुद्धा.

"शेठ, माग चांगला हाय. वायर मीच चुकीची बांधली."

शेठ स्वतः बघायला आले. नायनांनी एकेक गाठ सोडली, केबल वरून छताच्या अँगलवरून नेली, मागाला लावली. डिझाईन एका दमात आलं. अख्खा टॉवेल विणून होईपर्यंत शेठ हलले नाहीत. मग तिथूनच इचलकरंजीला फोन करून येऊ नका म्हणाले.

"माग तुमचाच," ते नायनांना म्हणाले, "पण वायरींना हात लावायचा न्हाय." आणि माझ्याकडं वळून, "पाच मिनिटांचं काम होतं म्हणे?" म्हणजे नायनांनी तेही सांगितलं होतं!

आता परवा उठून बघते तर माझं इंटरनेट बंद. टेबलामागं नायना. माझ्या सगळ्या वायरी टॉवेलच्या पट्ट्यांनी बांधलेल्या, लाइटच्या एकीकडं, नेटच्या दुसरीकडं, मधे बरोबर एक वीत.

"बिड्डा," ते म्हणाले, "आता तुझे ते चार बाइट मोज."