हजार वॉट आणि दारातलं झाड

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसणारच तुम्ही, पण निदान चहाचा घोट गिळून मग हसा. समोर मी बसलोय.

मी स्वतःला फार शास्त्रीय वृत्तीचा माणूस समजतो. पुण्यात इंजिनिअर झालो, डब्लिनला मास्टर्स केलं, रोज कोडमधले दोष शोधून पोट भरतो. आणि असा हा मी, डब्लिनजवळच्या नावन गावातल्या आमच्या भाड्याच्या घरासमोर, धुक्यात, एका झाडापुढे हात जोडून म्हणालो, "चुकलंमाकलं पदरात घ्या." मराठीत! आयरिश झाडाला!

हे सगळं झालं एका पॉवर सप्लायपायी.

मला हौस होती, एकेक भाग आणून स्वतःच्या हातांनी गेमिंग कॉम्प्युटर बांधायचा. माझी बायको मुग्धा इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. तिला बहुतेक रात्रपाळी, त्यामुळे ती दिवसा झोपते. तिने एकच अट घातली.

"बांध हवा तो. पण त्याचा आवाज माझ्या कानावर आला, तर ते खोकं तरी घराबाहेर जाईल, नाहीतर तू."

आता कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज वाटणारा डबा म्हणजे पॉवर सप्लाय, आणि त्याला असतो पंखा. मी लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातल्या माझ्या मित्राला, निखिलला, फोन लावला.

"साडेसहाशे वॉटचा घे," तो म्हणाला. "तुला रग्गड झाला."

"आणि उद्या लागलं तर?"

"काय लागणार आहे? गिरणी टाकतोयस का?"

पण पाणी रोज येत असूनही पिंप भरून ठेवणाऱ्या घरात वाढलोय हो मी! घेतला हजार वॉटचा. त्यात एक खुबी होती. काम हलकं असेल तोवर त्याचा पंखा फिरतच नाही. एकदम मौनीबाबा! खूप भार आला तरच फिरणार. मुग्धाही खूश, मीही खूश.

निखिल म्हणाला होता, पंखा खाली तोंड करून बसव. पण आमच्याकडे खोलीभर कार्पेट, त्यातली सगळी लव आत ओढली असती त्याने. मी म्हटलं, निखिलला काय कळतंय! बसवला पंखा वर तोंड करून.

मशीन तयार झालं नेमकं दसऱ्याला. मग पूजा नको? खोक्याचं झाकण उघडंच ठेवलं आणि साग्रसंगीत पूजा केली. हळद, कुंकू, वर कुंकवात भिजवलेल्या अक्षता. आणि सोनं? नावनमध्ये आपटा कुठून आणायचा? मी बाहेर आलो. दारासमोरच्या हिरवळीवर एक काटेरी झाड एकटंच उभं होतं, लाल फळं आणि पिवळीधमक पानं. सोन्याहून पिवळी! ओरबाडली मूठभर, बोटात काटा गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुग्धा ड्युटीवर गेली. बाहेर धुकं इतकं दाट, की समोरचा दिवाही दिसेना. मी गेम सुरू केला. गेममध्ये एक पडका किल्ला लागला, मी त्याच्या तळघरात शिरलो आणि...

टक.

मी कान टवकारले.

टक... टक. मग टक, टक, टकटकटक! कोणीतरी हळूहळू येतंय आणि अगदी जवळ आल्यावर पावलं उचलतंय, तसा आवाज. मी गेम थांबवला. श्वासही थांबवला. तो आवाजही मंद झाला. टक... टक... आणि गप्प.

म्हणजे मी ऐकतोय हे त्याला कळलं होतं!

हीटरचे पाइप तपासले, खिडक्या तपासल्या. सगळं चिडीचूप. पुन्हा गेम सुरू केला, पुन्हा तळघरात गेलो, पुन्हा टक. थांबलो की तेही थांबणार. घरात मी एकटा होतो आणि तरी एकटा नव्हतो. मी दिवे न विझवताच झोपलो. खरं म्हणजे झोपलो नाहीच.

आमची घरमालकीण ब्रेडा शेजारीच राहते. सत्तरीची, एकटी, फार प्रेमळ बाई. सकाळी ती कुंपणापाशी भेटली.

"बोटाला काय झालं रे, लव्ह?"

मी काट्याचं आणि पानांचं सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"त्या झाडाला हात लावलास?"

"हो... का?"

"ते बरं नाही केलंस," ती म्हणाली. झाडाकडे एकदा बघून ती आत गेली.

आता काय समजायचं माणसाने? ऑफिसातल्या लोकांकडून ऐकलं होतं, की इकडे असं एकटं काटेरी झाड 'त्यांचं' असतं. त्यांचं म्हणजे कोणाचं, हेही कोणी मोठ्याने सांगत नाही. त्याला कोणी हात लावत नाही, रस्तासुद्धा वळवतात म्हणे. आणि मी त्याचं सोनं करून मशीनला वाहिलं होतं!

त्या संध्याकाळपासून मी झाडाखाली वाटीभर दूध ठेवून हात जोडायला लागलो. वर दोन साखरफुटाणे. घरी बसून भ्यायचं, त्यापेक्षा हे बरं. सकाळी वाटी चाटूनपुसून रिकामी! दूध पीत होते, म्हणजे 'ते' होते. पण टकटक काही थांबेना.

सुट्टीच्या दिवशी मुग्धाने स्वतःच्या कानांनी आवाज ऐकला.

"आपण हे घर सोडायचं," ती म्हणाली.

अहो, आयर्लंडमध्ये घर सोडायचं! इथे भाड्याचं घर मिळवणं म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊकच आहे. एकेका घरासमोर पन्नास माणसांची रांग. हे घर मिळालं तेव्हा मुग्धा रस्त्यातच आनंदाने रडली होती. हॉस्पिटलला चालत जाता येतं, म्हणून. आणि मी मूठभर पानांपायी तिचं घर घालवत होतो. मला खरंच फार वाईट वाटलं.

घर सोडतोय म्हणून ब्रेडाला सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "आधी मला तो आवाज ऐकू दे."

ती आली आणि मांडीवर हात गुंफून सोफ्यावर बसली. मी गेम सुरू केला. तळघर आलं.

टक... टक... टकटकटक!

"जीझस, मेरी अँड जोसेफ," म्हणत ब्रेडाने छातीवर क्रूस काढला. मी देवाचं नाव घेतलं. मुग्धाने मात्र दोन्हीपैकी काही केलं नाही. ती उठली, पिशवीतून स्टेथोस्कोप काढला आणि भिंतीला लावला. मग जमिनीला, मग टेबलाला. शेवटी माझ्या खोक्याला लावून दोन मिनिटं ऐकलं.

"पेशंट सापडला," ती म्हणाली. "बंद कर. वायर काढ. उघड."

उघडलं. पॉवर सप्लायच्या जाळीत, पंख्याच्या पात्याला लागेल असा, कुंकवाने चिकटून बसलेला तांदळाचा एक दाणा!

तळघर आलं की मशीनवर भार यायचा, मौनीबाबा फिरायला लागायचे आणि पातं दाण्यावर टकटक करायचं. गेम थांबवला की पंखाही थांबायचा. साडेसहाशेचा घेतला असता तर त्याच्यावर कायम भार राहून पंखा सारखाच फिरला असता आणि पहिल्याच दिवशी सगळं कळलं असतं. निखिलचं ऐकून खाली तोंड केलं असतं, तर दाणा पडलाच नसता.

मुग्धाने चिमट्याने तो दाणा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "हं, हे घे तुझं भूत."

मी ओशाळून ब्रेडाकडे वळलो. "पण तू तर म्हणालीस, झाडाला हात लावलास ते बरं नाही केलंस."

"आह, ते होय! त्या काट्यांनी हात फार सुजतो, लव्ह. आणि माझ्या नवऱ्याने, मायकेलने, गार्डन सेंटरमधून आणून लावलं होतं ते, तो जायच्या आदल्या वर्षी. हीटरच्या तेलाची टाकी झाकायला. त्याला जरा कोणी ओरबाडलं की मला कसंतरी होतं."

"मग मी रोज दूध ठेवत होतो, ते नाही का दिसलं तुला?"

"दिसलं की. मला वाटलं, तुमचा धर्म असेल. म्हणून काही बोलले नाही. उलट गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं, त्याची प्रार्थना चाललेली असते, तिकडे फिरकू नका. माझं मांजर मात्र बघ, काय ग्रँड दिसायला लागलंय!"

घर राहिलं. मशीन राहिलं. अक्षता आता खोक्याच्या बाहेरूनच वाहायच्या, असा घरात कायदा झाला.

यंदा दसऱ्याला ब्रेडा स्वतःच म्हणाली, "घे रे चार पानं, मायकेलला आवडेल." मी झाडापाशी गेलो, हात पुढे केला, तोच मागून कोणीतरी ओरडलं. कोपऱ्यावरच्या घरात नुकताच राहायला आलेला माणूस होता. कुत्र्याला फिरवत होता.

"अरे, त्या झाडाला हात लावू नकोस! तुला माहीत नाही वाटतं?"

"काय?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सगळी गल्ली सांगते. इथे एक इंजिनिअर राहायचा. चांगला शिकलेला. त्याने पानं तोडली, आणि त्याच दिवसापासून घरात टकटक सुरू झाली."

"अरेरे," मी म्हटलं. "मग काय झालं त्याचं?"

"डोक्यावर परिणाम झाला," तो म्हणाला. "बिचारा झाडाला दूध पाजायला लागला."