कुरुंदवाडच्या चाचांचा रंगीत फोटो

परवाच्या रविवारी कुरुंदवाडला गेले होते. बाजारात गाडी लावली आणि दहा मिनिटं खाली उतरायचं धाडसच होईना... डिकीत शेजारपाजारची सव्वीस पितळी भांडी होती.

कारण सांगते. माझा छंद तुम्हाला माहीत आहेच. आठवडाभर शाळेत पोरांची चित्रं तपासायची आणि रविवारी कोल्हापुरातून गाडी काढून एखाद्या गावातलं जुनं दुकान शोधायचं. कागलचे शिंपीकाका, बिद्रीच्या रस्त्यावरचं सायकलचं दुकान... मी फोटो टाकते, तुम्ही लाइक करता आणि मी फुगते.

दिवाळीनंतर असाच रशीदचाचांचा फोटो टाकला होता. चाचा कुरुंदवाडात भांड्यांना कल्हई करतात. पंचाहत्तरी ओलांडलेली, धुरात अर्धा चेहरा, हातात सांडशी... फोटो झकास आला होता. पण मला अवदसा आठवली. फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला आणि वर लिहिलं, ‘शेवटचा कल्हईवाला’.

तिसरीच कमेंट आली, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. झालं! त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. खरं सांगते, मी त्या कमेंट वाचल्याच नाहीत... नुसता आकडा बघून खूश होत होते.

दोन महिन्यांनी सहज चाळताना खाली कुठेतरी एका मुलीची कमेंट दिसली. ‘हे माझे आजोबा आहेत. ते घरी आहेत, जेवतायत.’

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मेसेज करून तिचा नंबर घेतला आणि लगेच फोन लावला. तोवर फोटो व्हॉट्सॲपवरून गावोगाव पोचला होता. दरवर्षी यात्रांच्या आधी आसपासचे आचारी जेवणावळीची मोठी पातेली चाचांकडे कल्हईला आणतात. तेच त्यांचं खरं काम. यंदा कुणी फिरकलंच नव्हतं. एकजण आला, तोही सांत्वनाला, आणि दारात चहा पीत बसलेले चाचा बघून त्याची बोबडी वळली म्हणे! ती हसत सांगत होती... मग हळूच म्हणाली, “पण आता भट्टी चार-चार दिवस पेटत नाही.”

मी फोटो काढून टाकला, माफीची पोस्ट लिहिली, ‘चाचा सुखरूप आहेत’. सात लाइक. त्यातला एक नवऱ्याचा. गेलेल्या माणसासाठी जमलेली गर्दी जिवंत माणसाकडे वळूनसुद्धा बघेना.

नवरा म्हणाला, “माफी मागितलीस न्हवं? आता बास की.” बास कसं? मी निस्तरायचं नाही तर कोण निस्तरणार? रोज शाळा सुटली की गल्लीत दारोदार फिरले. ‘आता पितळ कोण वापरतंय’ म्हणणाऱ्यांच्या दारातून हललेच नाही, माळ्यावरची भांडी खाली काढायला लावली. चाचांच्या नातीकडून आचाऱ्यांचे नंबर घेतले आणि एकेकाला फोन केला. एकानं तर मलाच दोनदा विचारलं, “जित्तं हाईत म्हंता? नक्की न्हवं?”

तर परवा शेवटी गाडीतून उतरले. चाचांनी मला ओळखलं. सांडशी खाली ठेवली आणि म्हणाले, “या पावणं... मयताला लई उशिरा आलासा.”

मला रडूच फुटलं. “चाचा, चुकलं माझं,” एवढंच कसंबसं बोलले. ते उठून डिकीपाशी गेले, एक पातेलं उचललं, आतून बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. “ह्यात आमटी करत हुतासा? इख हुईल की!” मग भट्टी पेटवली आणि मला भात्यापाशी बसवलं.

दुपारपर्यंत भाता ओढत होते. भांडं तापलं की चाचा नवसागर टाकायचे, पांढरा धूर उठायचा, मग कथील लावून कापसाचा बोळा फिरवायचे... आणि काळवंडलेलं पातेलं आतून चांदीसारखं उजळायचं. हाताला फोड आले, पण भाता सोडला नाही. कॅमेरा मुद्दाम घरीच ठेवला होता.

तीनच्या सुमाराला दारात टेम्पो थांबला. एक आचारी पाच मोठी पातेली घेऊन उतरला. आधी चाचांकडे बघतच राहिला, मग पुढे होऊन त्यांचा दंड दाबून बघितला. “बाईंचा फोन आलता. पर डोळ्यांनी बघितल्याबिगर खरं वाटंना, चाचा.”

“बघितलंस न्हवं? मग उतरीव पातेली,” चाचा म्हणाले. त्यांनी पाठ फिरवली, पण डोळे पुसलेले मी बघितले.

निघताना त्यांनीच मला थांबवलं. “फोटू न्हाय काढायचा व्हय? मोबाईल हाय की! रंगीत काढा पर. आन् भट्टी पेटलेली दिसू द्या.” वर काय लिहायचं, तेही त्यांनीच सांगितलं.

तो फोटो खाली आहे. भाता ओढून हात भरून आले होते, म्हणून थोडा वाकडा आलाय... राहू दे. त्यावर चाचांचेच शब्द आहेत, ‘दुकान चालू हाय. शुक्रवारी दुपारी नमाजाला जातो, तवा जरा थांबा.’

चाचा, एवढं होऊनही तुम्ही मला पुन्हा फोटो काढू दिलात, हे मी विसरणार नाही. आणि मंडळी, या वेळी मी एकूण एक कमेंट वाचणार आहे. कृपा करून हात जोडू नका... त्या हातात एखादं भांडं घ्या आणि कुरुंदवाडला जा.